दुसरं बिस्किट

"आणखी एक घे ना, एप्पो."

फ्राउकेने डबा पुढे केला आणि एप्पोचा कप ओठांपाशीच थांबला. या घरात कॉफीबरोबर एकच बिस्किट मिळायचं, मग झाकण खटकन बंद. आईची शिस्त तीच फ्राउकेताईची. सुबत्तेतसुद्धा कुणाला दुसरं मिळालं नव्हतं. आता तर गावात जर्मन फौज, साखर रेशनवर आणि कॉफीच्या नावाखाली चिकोरीच्या भाजक्या मुळांची पूड.

एप्पो इथला फॅसिस्ट पुढारी होता. जर्मनांच्या कचेरीत त्याच्या शब्दाला वजन होतं आणि संशय घेणं हा त्याचा धंदाच झाला होता. त्याच्या मनात पाल चुकचुकली.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय, ताई?"

"वाढदिवस आहे माझा."

"तो गेल्या साली पण होता. तेव्हा एकच दिलंस."

तेवढ्यात माळ्यावर कुणीतरी खोकलं. लहान मुलाचा, उशीत दाबलेला खोकला.

"मांजर आहे," फ्राउके घाईने म्हणाली.

"मग औषध दे त्याला. छाती भरलीय."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. माळ्यावर ज्यू लेकरू आहे, हे त्याला कळलं होतं आणि त्याला कळलंय हे तिला. सख्खी बहीण आपल्याला भिते, हे मात्र एप्पोला आजच दिसलं आणि फार लागलं.

"भिऊ नकोस, ताई. मी कुणाजवळ बोलणार नाही. आईशपथ."

"मास्तरांच्या बायकोलाही तू हेच म्हणाला होतास."

जर्मनांनी धरून नेलेले शाळामास्तर परत आले नव्हते. फ्राउकेने डब्याचं झाकण लावलं.

एप्पोने खरंच कुणाजवळ तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खोकल्याच्या औषधाची बाटली कोटात लपवून तो आला, तर दार नुसतं लोटलेलं होतं. माळ्यावर गवताची गादी होती, इवलासा मोजा होता. माणूस नव्हतं. त्याच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा ताईने बापाचं घर सोडलं होतं.

खाली टेबलावर त्याच्या नेहमीच्या जागी बशी मांडलेली होती. बशीत एक बिस्किट.

बाटली शेजारी ठेवून तो खुर्चीत बसला. त्याने बिस्किट उचललं, तोंडापाशी नेलं. मग हुंगून पाहिलं, आणि यात काही कालवलं तर नसेल ना, या शंकेने परत बशीत ठेवलं.