कुप्याची तुकडी आणि माझा गंज

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा तवा आहे. पावस गावाजवळच्या एका वाडीत, सखूच्या चुलीमागे भिंतीला टेकून मी उभा असतो. तिच्या नवऱ्याने, भागोजीने, मला संगमेश्वरच्या बाजारातून डोक्यावर घेऊन आणले. वाटेत मी उन्हात असा तापलो, की घरी पोहोचेपर्यंत नवऱ्याच्या टकलाची भाकरी झाली, असे सखू आजही सांगते.

पुढे कितीतरी वर्षे मी तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या. भाकरी टम्म फुगली की शेजारची गंगा म्हणे, "तवा असावा तर असा." मी तेव्हा जरा चढून गेलो होतो, खोटे कशाला बोलू?

दोन हजार तीन साली भागोजीच्या अंगठ्याला कातळावर ठेच लागली. जखम भरेना. डॉक्टरांनी रक्त तपासले, तर साखर भरमसाट. "भात आणि भाकरी बंद करा," ते म्हणाले. "साखर उतरली नाही, तर अंगठा काढावा लागेल." आंब्याच्या झाडावर चढणाऱ्या माणसाचा अंगठा गेला, तर त्याने खायचे काय?

भाकरी थांबली आणि मी मोरीत ओला पडून राहिलो. खाऱ्या वाऱ्याने गंज धरला. सखू काजूच्या कारखान्यात जाई. दुपारच्या सुट्टीत धावत घरी यायचे, नवऱ्याला जेवू घालायचे आणि परत पळायचे. म्हणून ती कुपा आणू लागली. जाड मांसाचा, पोटभरीचा मासा. तुकड्या माझ्यावर टाकायच्या, बाजूला काकडी चिरायची, की झाले जेवण.

पण तुकडी मला चिकटे. "मेला तवा सोडीत नाय," ती करवादली आणि दुसऱ्या दिवसापासून तुकड्या तांदळाच्या पिठात घोळवू लागली. गंज वाढला, तसा पिठाचा थरही वाढला. भाकरीला आसुसलेला भागोजी माझ्यावरची खरपुडीसुद्धा खरवडून खाई. तो वास माझ्या ओळखीचा होता, पण तव्याला तोंड कुठे असते?

पुन्हा रक्त तपासले. साखर तसूभर हलली नव्हती. अंगठा काळा पडू लागला होता.

"चोरून फणस खाल्लंत काय?" सखूने विचारले.

"तुझी शपथ गो," भागोजी म्हणाला आणि पाय धोतराखाली ओढून बसला. मला फार भीती वाटली.

त्याच आठवड्यात सून निशिगंधा मुंबईहून आली. दुपारी मला घासायला घेतले, तर कडेला जाड पापुद्रा.

"आई, हे कसलं पीठ?"

"तांदळाचं. तुकडी चिकटते ना."

"किती घेता?"

सखूने ओंजळ दाखवली.

"अहो, मग ही भाकरीच झाली की."

सखूने पिठाचा डबा दूर सारला. "भात नाय दिला, भाकरी नाय दिली," ती पुटपुटली, "आनि माज्याच हातानं..."

दोघींनी मला नारळाच्या काथ्याने घासले, चुलीवर खडखडीत वाळवले, तेल लावून वर अर्धा कांदा चोळला. हळद, तिखट आणि कोकमाचे आगळ लावलेली तुकडी नुसतीच माझ्यावर पडली. चिकटली असती, तर सखूचा हात पुन्हा पिठाच्या डब्याकडे गेला असता. मी जीव मुठीत धरून तापत राहिलो. उलथने खाली सरकले. तुकडी अखंड सुटली.

साखर हळूहळू उतरली. जखम सुकली, अंगठा राहिला. भागोजी बागेत जाऊ लागला. तरी संध्याकाळी तो उंबऱ्यात चपला काढतो, तेव्हा मी अजून कान देऊन ऐकतो, दोन्ही पाय नीट पडतात ना.

मित्रांनो, काम झाले की तव्याला कोरडे करा, बोटाने तेल लावा. गंज आम्हाला चढतो खरा, पण त्याचा घाव कुणाच्या पायावर पडेल, ते सांगता येत नाही.