टाचणी बुडाली त्या दिवशी

मी एक जुनी टाचणी आहे. मित्रांनो, हसू नका, माझं टोक अजून शाबूत आहे!

तारेच्या वेटोळ्यातून मी तुटले, मला डोकं मिळालं आणि मध्य प्रदेशातल्या देवासच्या एका कारखान्यात कारकून रत्नाकररावांच्या टेबलावर येऊन पडले. कागद टोचण्यात दिवस जात होते. एकोणऐंशी साली त्यांच्या लेकीने, विद्युल्लतेने, मला उचललं आणि माझं नशीब फळफळलं.

तिला नववीत विज्ञान हवं होतं. उमाशंकर सरांची अट होती, प्रयोग जमला तर विज्ञान, नाहीतर गृहविज्ञान. तिने बटाटा निवडला. तो सोलून, पोखरून आत साखरेचा पाक भरायचा आणि पाण्यात ठेवायचा. बटाट्याच्या पेशींचे पडदे पाण्याला वाट देतात, साखरेला अडवतात. त्यामुळे बाहेरचं पाणी आत शिरतं आणि पाक वर चढतो. पाकाच्या पातळीच्या जरा वर खुणेला मला टोचलं.

मधल्या सुट्टीपर्यंत पाक तसूभरही चढला नाही. सर म्हणाले, "बेटा, गृहविज्ञानच घे. आराम से पास होशील."

विद्युचे डोळे भरून आले. तिने बटाटा चाचपला, तर तो मऊ लागला. त्या दिवशी एकादशी. उपवासाचे बटाटे उकडताना तिच्या आईने, जयवंतीबाईंनी, हाही त्यात सोडला होता. पोखरताना लेकीचा हात कापू नये म्हणून त्यांनीच तो पोखरूनही दिला होता. आईची माया, दुसरं काय!

"सर, उकडल्यामुळे पडदे मेलेत," ती म्हणाली. "कच्चा आणू?"

वर्ग हसला, पण सरांनी होकार दिला. ती फाटकाबाहेरच्या भाजीच्या गाडीकडे धावली आणि भाजीवाल्या भैयाला म्हणाली, "भिया, एक कच्चा आलू देना."

या वेळी तिने स्वतः सोलून पोखरलेल्या नव्या बटाट्यात मला टोचलं आणि काय सांगू! पेशीपेशीतून सरकणारं पाणी माझ्या अंगाला लागत होतं. पाक चढत गेला, आणि शाळा सुटायच्या आत माझं टोक बुडालं! मी आनंदाने वेडी झाले.

सर खुर्चीतून उठले. "उकडलेला फेकू नकोस, बेटा. शेजारीच ठेव. जिवंत पडद्याचं काम त्याच्यामुळेच समजलं. विज्ञान घे."

घरी सगळं ऐकून जयवंतीबाई ओशाळल्या. विद्यु त्यांच्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, तुझ्या बटाट्यानेच मला पास केलं."

आता विद्युताई स्वतः विज्ञान शिकवतात. दरवर्षी दोन बटाटे मांडतात. त्यातला उकडलेला अजून जयवंतीबाईच देतात.

मित्रांनो, प्रयोग फसला तर फेकू नका, आधी चाचपून बघा. आणि मला पुसून कोरडी ठेवा. वर्षातून एकदा मला बुडायचं असतं.