पुढच्या डाव्या चाकाची स्प्रिंग

मित्रांनो, लातुरात एक लाल स्पोर्ट्स कार फिरते. दोनच दारं, बसकी, आणि आवाज असा की रस्त्यात बसलेली म्हैससुद्धा मान वळवून बघते. त्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकावर मी असते. मी एक जुनी स्प्रिंग आहे. तुम्ही मला पाहिलेलं नसणार. गाडी बघायला येणारे रंग बघतात, आरसे बघतात, मागे उभं राहून फोटो काढतात. चाकाच्या आत वाकून कुणी बघत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाची लांब कांब भट्टीत लाल होईपर्यंत तापवली, तिला गोल वेढे दिले आणि धगधगती असतानाच तेलात बुडवली. मग यंत्रानं मला दाबलं आणि सोडलं, पुन्हा दाबलं आणि सोडलं. जी परत आपल्या उंचीला आली ती पास. आम्ही चौघी बहिणी एकाच दिवशी पास झालो आणि एकाच गाडीला लागलो. चाक खड्ड्यात गेलं की आपण दबायचं, दणका अंगावर घ्यायचा, वर बसलेल्या माणसापर्यंत तो जाऊ द्यायचा नाही. एवढंच आमचं काम.

आधी आम्ही नांदेडच्या एका डॉक्टरांकडे होतो. त्यांच्याकडून ही गाडी विनोद सरांनी घेतली. विनोद सर लातुरात शिकवणीच्या वर्गात भौतिकशास्त्र शिकवतात. गाडी घरी आणली त्या दिवशी बाजूच्या सीटवर पहिल्यांदा बसल्या त्या त्यांच्या आई, चांगुणाबाई. मला माणसं वजनावरून ओळखता येतात. चांगुणाबाई म्हणजे अठ्ठेचाळीस किलो, मांडीवरची कापडी पिशवी धरून. तरुणपणी त्यांनी रोजगार हमीच्या कामावर लोह्याकडच्या रस्त्याची खडी फोडली होती. त्यांची कंबर धरली ती तेव्हापासूनच. सरांनी त्यांना बुद्धविहारापर्यंत नेलं. उतरताना त्या म्हणाल्या, "विनू, पोटातलं पाणी हाललं न्हाई बघ."

माझं असं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. मग दर रविवारी मायलेक विहारात गाडीनंच जायचे.

तीन-चार महिन्यांनी सरांच्या डोक्यात नवीनच काहीतरी शिरलं. मोबाइलवर त्यांनी परदेशातल्या गाड्या बघितल्या, जमिनीला टेकतील अशा खाली, मोठी चाकं, त्यावर पातळ टायर. सरांनी तसलंच सामान मागवलं आणि औसा रोडला मल्लिनाथ मिस्त्रींच्या गॅरेजात गाडी नेली. मल्लिनाथनी नवीन आखूड स्प्रिंग जमिनीवर उभी करून तिच्यावर सगळ्या अंगाचा भार टाकला. ती दबलीच नाही.

"सर, कंपनीवाल्यानं जुन्या स्प्रिंगा काय येड्यावानी बसवल्यात का? आपले रस्ते बघा की जरा," मल्लिनाथ म्हणाले.

"गाडी कशी जमिनीला चिकटून पळाली पाहिजे," सर म्हणाले.

"व्हय. गाडी तुमची, हौस तुमची," असं म्हणून मल्लिनाथनी पाना उचलला.

आम्हा चौघींना काढलं. मागच्या दोघी खिळ्याला टांगल्या गेल्या. पुढची उजवी वाऱ्यानं हलणाऱ्या फाटकाला टेकू म्हणून लागली. मला मात्र सरांनी वर्गात नेलं. टेबलावर उभी करून ते माझ्यावर वजनं ठेवायचे आणि मुलांना सांगायचे, "बघा, ही दबते, पण आपली उंची विसरत नाही. म्हणून ही धक्का सोसू शकते." मुलं वहीत लिहून घ्यायची. सर शिकवायचे अगदी बरोबर. पण त्यांची स्वतःची गाडी खाली उभी असायची, आणि तिच्यात धक्का सोसायला कुणी उरलं नव्हतं. मला बोलता आलं असतं तर मी भर वर्गात हात वर केला असता.

पाच महिने असे गेले. माझ्यावर धूळ बसली, वेढ्यांत खडूचा भुगा साचला. एका बुधवारी वर्ग सुटल्यावर सर टेबलाशी बसून बहिणीशी फोनवर बोलत होते. बहीण समीक्षा दातांची डॉक्टर. येत्या रविवारी नायगावला तिच्या दवाखान्याचं उद्घाटन होतं आणि फीत चांगुणाबाईंच्या हातून कापायची होती. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"दादा, माय एसटीनं येते म्हणायली," समीक्षा म्हणाली.

सर म्हणाले, "विहारातबी आता रिक्षानंच जाते. विचारलं तर म्हणते, मला असल्या गाडीची सवय न्हाई. तिला लाज वाटत असंल माझ्या गाडीची. समे, मायनं ज्या रस्त्याची खडी फोडली त्या रस्त्यावरनं तिला माझ्या गाडीत बसवून न्यायचं, एवढ्यासाठी तर गाडी घेतली मी."

बोलताना त्यांचा हात माझ्यावर होता. मला खरं कारण ठाऊक होतं. सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी गाडी पुढून खडखड वाजायला लागली. सर गॅरेजला निघाले. त्या तुकडीचा धडा संपला होता, म्हणून मलाही त्यांनी डिक्कीत टाकलं. तिथं कामाबरोबर आईचा विषय निघाला. मल्लिनाथनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, ह्या गाडीत तुम्ही बाजूला कधी बसलात का?"

"मी कशाला बसू? गाडी तर मीच चालवतो."

"मग आज बसा. चावी द्या इकडं."

मल्लिनाथनी गाडी मुरुडच्या रस्त्याला काढली. डिक्कीत मी इकडून तिकडे आपटत होते. पहिल्या गतिरोधकाला सर नुसते "हं" म्हणाले. दुसऱ्याला त्यांचं डोकं छताला लागलं. तिसऱ्याला जीभ चावली गेली. "मल्लिनाथ, थांबवा," ते म्हणाले आणि खाली उतरून कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतोय, हातात स्टेअरिंग असतंय, तो अंग सावरतोय," मल्लिनाथ म्हणाले. "बाजूच्या माणसानं काय धरायचं? मावशीच्या हातात तर पिशवी."

"मायनं एकदाबी सांगितलं न्हाई."

"तुम्ही एवढ्या हौसेनं केलेलं. कसं सांगतील त्या?"

 "रविवारच्या आत जुनं सगळं परत बसवून होईल का?" सरांनी विचारलं.

गॅरेजात परत आल्यावर मल्लिनाथनी पाना घेतला नाही. आधी हवा मोजायचं मीटर घेतलं. चारही टायरांत बेचाळीस निघाली.

"ही कुणी भरली?"

"पंक्चरवाल्यानं. टाईट हवा बरी असते म्हणाला."

"टाईट हवेनं टायरचा दगड होतोय, सर. दाराच्या आत कागद चिकटवलाय, वाचा."

सरांनी दार उघडून वाचलं. तिथं बत्तीस लिहिलं होतं. दाब म्हणजे काय हे त्यांनी हजारो मुलांना शिकवलं होतं. तो कागद मात्र कधी वाचला नव्हता. ते बाह्या सरसावून मल्लिनाथांच्या शेजारी बसले.

मोठी चाकं उतरली. जुनी चाकं जाड टायरांसकट परत आली. ताठ स्प्रिंगा निघाल्या. त्यांच्यापायी शॉकअप, म्हणजे आमची उसळी आवरणारे दांडे, तेल गळून मेले होते, रबरी बुशांना चिरा गेल्या होत्या. ते सगळं नवीन टाकलं. मग आमची पाळी आली. तारेच्या ब्रशनं गंज घासला, हातोडीनं ठोकून आवाज ऐकला, उंची मोजली. मला फार धाकधूक होती, कारण एक जरी बसकी निघाली असती तर आमचा जोड मोडला असता. चौघीही पास झालो. "फाटकाला आता वीट लावा," मल्लिनाथ म्हणाले आणि शनिवारी दुपारी आम्ही आपापल्या चाकावर होतो.

रविवारी सकाळी सर आईला म्हणाले, "माय, फक्त गल्लीच्या टोकापर्यंत बस. नको वाटलं तर मी स्वतः तुला स्टँडवर सोडतो."

चांगुणाबाई बसल्या. या पाच महिन्यांत अठ्ठेचाळीस किलोवरून दीडेक किलोनं उतरल्या होत्या. अंग चोरून, एका हातानं पिशवी आणि दुसऱ्यानं दाराची मूठ धरून बसल्या होत्या. गल्लीच्या टोकाला गतिरोधक आला. मी सगळा जीव लावून दबले आणि सावकाश वर आले. वरून काहीच आवाज आला नाही. स्टँडपाशी सरांनी गाडी हळू केली. "थांबवू का?"

"कशाला? चल की," चांगुणाबाई म्हणाल्या.

अहमदपूरच्या पुढे त्यांचा हात दाराच्या मुठीवरून निघाला. लोह्याच्या अलीकडे त्या म्हणाल्या, "विनू, हळू घे. हितली खडी म्या फोडलेली हाय." सरांनी गाडी कडेला उभी केली. चांगुणाबाईंनी काच खाली करून रस्ता बघितला. "आता लई गुळगुळीत केलाय. आमची खडी खाली गेली," त्या म्हणाल्या. सर म्हणाले, "तिच्यावरच तर चाललोय, माय." आणि मग सावकाश निघाले.

नायगावला दवाखान्यात काय झालं ते मला सांगता येणार नाही, मी बाहेर चाकापाशी होते. टाळ्या तेवढ्या ऐकल्या. दुपारी समीक्षा आईला घेऊन बाहेर आली. "माय, आजच्या दिवस राहा. उद्या मी तुला एसटीत बसवून देते."

चांगुणाबाईंनी स्वतःच्या हातानं दार उघडलं, आत बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. "एसटीनं कशाला? माझी गाडी हाय की," त्या म्हणाल्या. सर गाडीला वळसा घालून आपल्या दाराशी आले, पण दार उघडायला त्यांना जरा वेळ लागला.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर ती चालवणाऱ्याला एकदा बाजूच्या सीटवर बसायला सांगा. हवा किती ठेवायची तो कागद दाराच्या आत असतो, तोही वाचून दाखवा. आणि कधीतरी चाकाच्या आत वाकून बघा. आमच्यावर चिखल साचतो, गंज चढतो, आणि ते आम्हाला सांगता येत नाही. न सांगणारी माणसंही घरात असतात.

राहिलं माझं कौतुक. परत येताना मी वाट बघत होते, चांगुणाबाई पोटातल्या पाण्याचं काहीतरी म्हणतील म्हणून. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. लोह्याचा गतिरोधक आला तेव्हा त्या गाढ झोपल्या होत्या, आणि तो ओलांडल्यावरही झोपलेल्याच होत्या.