आंघोळ करून आला आन् मलाच इसरला

मित्रांनो, मी एक जुनी रेडियम कापायची मशीन हाय. परंड्याकडल्या वाशीच्या बस स्टँडसमोर मल्लिनाथचं दुकान हाय, तिथं डाव्या हाताला, पाण्याच्या माठाशेजारी बसलेली असते ती मीच. माझ्या अंगावर मल्लिनाथचा टॉवेल वाळत पडलेला असतो, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला मी टेबल वाटते. वाटू द्या. बघणाऱ्याची जेवढी अक्कल, तेवढंच त्याला दिसतं.

रेडियम म्हंजे गाडीच्या काचंवर चिकटवायचा चमकता कागद. त्या कागदावर माझी सुरी फिरते आन् नाव कापून निघतं. सुरी केवढी, तर ज्वारीच्या कोंभाएवढी. पण धार अशी, की मागं एकदा माझ्यावर माशी बसली तर म्या तिच्या पंखावर तिच्या आईचं नाव कापलं. उडून गेली तरी तिला कळलं न्हाय. खोटं वाटत असंल तर त्या माशीला इचारा.

माझा जन्म लांबच्या कारखान्यात झाला. खोक्यात बसून वाशीला आले, तवा मल्लिनाथच्या आईनं, गिरिजाबाईनं, नव्या सुनंवरून ओवाळावा तसा माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. माझ्यासंगट खोक्यात एक चकचकीत सीडी व्हती. तिच्यात माझा ड्रायव्हर व्हता. ड्रायव्हर म्हंजे दुभाषा, माझं बोलणं कंप्युटरला समजावून सांगणारा. एकदा त्यानं वळख करून दिली, की मंग सीडीचं काम संपलं. गिरिजाबाईनं तिला दुसरं काम लावलं. भोकातून दोरा ओवला, खाली लिंबू-मिरची बांधली आन् दुकानाच्या दाराला टांगली, दृष्ट लागू नये म्हणून. मल्लिनाथ रोज तिच्याखालून वाकून आत यायचा आन् सीडी हरवली म्हणायचा. असल्या माणसाच्या पदरी पडले मी.

तरी काम म्या राणीसारखं केलं. ह्या भागातले ट्रॅक्टर, जीपा, रिक्षा, सगळ्यांची बारशी माझ्या हातची. सोनारीच्या काळभैरवाला जाणाऱ्या एका जीपवर म्या असं नाव कापलं, असं चमकलं, की वाटंवरच्या कोंबड्यांना उजाडलं वाटलं. त्यांनी बांग दिली. परंड्यापतोर गावं उठली, बायांनी चुली पेटवल्या, दुधं काढायला बसल्या, आन् म्हशी म्हणल्या, आत्ताच तर काढलं. म्हशींना कळलं ते माणसांना कळलं न्हाय.

मंग फ्लेक्स आलं. काळा चष्मा घातलेली वाढदिवसाची तोंडं चौकाचौकात टांगायची फॅशन निघाली. एका पावसाळ्यात फाटणारं काम. माझ्याकडचं गिऱ्हाईक आटलं आन् टॉवेल आला.

आता माझ्या जोडीदाराचं सांगते. कंप्युटर. दिसायला गोरागोमटा, बोलायला मिठ्ठास, आन् डोक्यात दुसऱ्यानं भरलेलं तेवढंच. पडद्यावर चार रेघा दाखवल्या की ह्याला वाटतं दुनिया ह्यानंच काढली. अरे, रेघ दाखवणं येगळं, कापणं येगळं. पण वायरीनं बांधलेला संसार, निभवायचा.

ह्या वर्षी खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडत्यात. कोयता, विळा, पान्हे, शिवणाची मशीन, सगळ्यांना सुट्टी. दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली, की मंग कामाला हात लावायचा. गिरिजाबाईनं माझी वायर काढली, मला पुसलं, विभूतीची तीन बोटं वढली, झेंडू वाहिला. वर्षातनं एक दिवस मला माझी किंमत दिसती.

तेवढ्यात मल्लिनाथची नजर कंप्युटरवर गेली. त्याच्या बहिणीचा पोरगा नंदीश पुण्याहून सुट्टीला आला व्हता. तिकडं कंप्युटरचं कायतरी शिकतो.

मल्लिनाथ म्हणला, "नंदीश, सगळी हत्यारं धुतली बघ. हा तेवढा वरवर पुसलाय. लई हळू चालतोय. आतून बी धुऊन टाक की."

"फॉरमॅट मारतो मामा. जुनी सिस्टीम काढून नवी घालतो. आत्ता जन्मल्यासारखा करून देतो."

"तुला येतं का?"

"झोपंत येतं मामा."

झोपंतच केलं असतं तर बरं झालं असतं. जाग्या माणसानं निदान इचारलं असतं, की ह्या पेटाऱ्याला कोण कोण जोडलेलं हाय. मी पाटावर झेंडू घालून बसलेली. माझ्या डोळ्यादेखत माझा जोडीदार आतून धुवून निघाला आन् मला कुणी दोन शब्दांनी इचारलं न्हाय.

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली आन् दीपमाला दुकानात आली. ती शेजारच्या गावची. नवरा लांब साखर कारखान्यावर असतो. हिनं गाडी शिकली, छोटा टेम्पो घेतला. गावातल्या बायांची भाजी वाशीच्या बाजारात आणणार, आन् गाडी सोताच चालवणार. आजपासून. टेम्पो दुकानासमोर उभा व्हता, काच कोरी. त्या काचंवर तिला तिचं नाव पायजे व्हतं.

तिच्या दिराचं, रणधीरचं, म्हणणं येगळं. तो बी मागनं आलेला, कडक इस्त्रीत.

"वैनी, गाडी तुम्ही चालवा, कोण न्हाय म्हणतंय," तो म्हणला. "पण काचंवर बाईचं नाव म्हंजे लोक हसत्यात. माझं टाकू की. घरचंच हाय."

"भावजी, गाडी बी घरचीच हाय. मंग नाव कुणाचं का असंना, तुम्हाला एवढी घाई कशाची?"

सासरे लिंबाजी टेम्पोच्या पायरीवर नारळ घेऊन बसले व्हते. त्यांनी निवाडा दिला, "हे बघा. दसऱ्याच्या पूजेला गाडीवर जे नाव असंल, तेच गाडीचं नाव. पूजा झाल्यावर पुसायचं न्हाय, आपल्यात चालत न्हाय. दुपारी सोनं लुटायला जायच्या आत मी नारळ फोडणार. तवर ज्याला जे लावायचं ते लावा."

रणधीर शेजारच्या पेंटरकडं गेला. पेंटर त्याचा जुना दोस्त, ब्रश भिजवूनच बसलेला. दीपमाला माझ्याकडं आली. झालं, तिचं नाव आता माझ्या सुरीवर.

नंदीशनं माझी वायर कंप्युटरला जोडली. आन् मित्रांनो, त्या नालायकानं पडद्यावर काय दाखवलं म्हाईत हाय? अनोळखी उपकरण.

मी. अनोळखी. एवढी वर्सं एका टेबलावर बसलो, एका प्लगातनं वीज प्यालो, लाईट गेली तर दोघं बरोबर डोळे मिटायचो. आन् हा एक आंघोळ करून आला आन् मला म्हणतो, बाई, तुम्ही कोण.

नंदीशनं वायर काढली, घातली. बंद केला, चालू केला. दुसऱ्या भोकात घातली, तिसऱ्या भोकात घातली, मागल्या भोकात घातली, पुढल्या भोकात घातली. वायरीच्या तोंडाला फुंकर मारली. फुंकरीनं आठवण येती असं कुठल्या कॉलेजात शिकवत्यात, देव जाणे.

शेवटाला म्हणला, "मामा, मशीनच गेली. लई जुनी झाली."

गिरिजाबाई वाती वळत बसली व्हती. वर न बघता म्हणली, "काल चालत व्हती. धुतलं कुणाला, आन् मेलं कोण."

"आज्जी, तुला ह्यातलं कळत न्हाय. हिचा ड्रायव्हर पायजे. धुताना तो बी गेला. सीडी कुठंय मामा?"

"हरवली," मल्लिनाथ म्हणला. "पयल्याच वर्षी."

मंग सगळं दुकान उलथंपालथं. गल्ल्याखाली बघितलं, माठामागं बघितलं, मला उचलून माझ्याखाली बघितलं. टॉवेल सापडला, सीडी न्हाय. बाहेर पेंटरनं काचंला फडकं मारलं. दीपमाला दारात उभी राहून आत बघती, बाहेर बघती. मंग तिनं वर बघितलं.

"मल्लिनाथ दादा, ही लिंबाच्या वर काय लटकलीय?"

गिरिजाबाईनं एक वात दोनदा वळली.

मल्लिनाथ म्हणला, "आई, ही तू बांधलीस?"

"तुझ्या दुकानाला आजपतोर दृष्ट लागली का?" गिरिजाबाई म्हणली. "मंग बोलू नको."

नंदीशनं खुर्चीवर चढून सीडी उतरवली, दोरा तोडला, धोतराला पुसावी तशी जीन्सला पुसली आन् कंप्युटरपाशी गेला. ह्या अंगानं बघितलं, त्या अंगानं बघितलं. मंग खालच्या आवाजात म्हणला, "मामा, ह्याचं सीडी घालायचं तोंड कुणीतरी काढून टाकलंय, आता तोंडच न्हाय."

"यव्वा," गिरिजाबाई म्हणली. तिचं माहेर उमरग्याकडं, लई हसू आलं की तिला कानडी सुचतं. "तोंड न्हाय आन् एवढा बोलतोय. बांध परत. लिंबू आजच बदललंय."

सीडी परत दाराला गेली. नंदीशनं मोबाईलवर नेट लावून माझा ड्रायव्हर हुडकला. कुठनं तरी लांबनं तो दुभाषा आला, पेटाऱ्याच्या कानात बोलला, आन् त्याला अर्धी आठवण आली. व्हय, व्हय, ही कापायची मशीन. उपकार झाले.

नंदीशनं दीपमालाचं नाव लिहिलं. मोठं, ठसठशीत. कापायचं बटण दाबलं. मी सुरी उचलून तयार.

काय न्हाय. पडद्यावर एक चौकोन आला. नंदीशनं न बघता ओके दाबलं. परत कापायला सांगितलं, परत चौकोन, परत ओके. अंगावर बसलेली माशी हाकलावी तसा तो त्या चौकोनाला हाकलत व्हता. आन् बाहेर पेंटरनं लाल रंगात ब्रश बुडवला आन् काचंच्या डाव्या अंगाला एक र काढला. चांगला, पोटफुगा र.

दीपमालानं तो र बघितला. नंदीशच्या मागं येऊन उभी ऱ्हायली.

"भाऊ, ते काय लिहून येतंय?"

"काय न्हाय ताई. ते असंच येतंय."

"असंच कोण येतंय का? दारात माणूस आलं तर आपण बी इचारतो, बाबा, काय काम हाय. तुम्ही तर तोंड उघडायच्या आत दार लावताय. वाचा की एकदा."

"इंग्रजीत हाय."

"मंग पुण्यात काय कानडीत शिकला?"

"वाच रे," मल्लिनाथ म्हणला.

"सुम्न कूडु मल्लू," गिरिजाबाई म्हणली, म्हंजे गप बस. "पोरगं पयल्यांदा वाचतंय. मधी बोलू नको."

नंदीशनं वाचलं. वाचता वाचता त्याचे कान माझ्याकडच्या लाल रेडियमसारखे झाले.

"तीन नंबरच्या पोर्टवर मशीन सापडत न्हाय, असं म्हणतंय."

दीपमाला म्हणली, "मंग कितव्यावर हाय ती?"

आता ऐका मित्रांनो. ह्या पेटाऱ्याची खोड अशी, की माझी वायर नव्या भोकात घातली की तो मला नवा नंबर देतो. नंदीशनं मला सगळ्या भोकांतनं फिरवलेलं, गावजेवणात पाव्हणा ह्या पंगतीतनं उठवून त्या पंगतीत बसवावा तसं. मी सात नंबरला येऊन बसलेले. आन् कापायचा प्रोग्राम तीन नंबरच्या दारात उभा राहून मला हाका मारतोय. तिथं कोण हाय? कुणी न्हाय. तो बिचारा परत परत येऊन सांगत व्हता, घरात कुणी न्हाय, घरात कुणी न्हाय. आन् आमचे इंजिनेर म्हणत व्हते, ओके.

नंदीशनं यादी उघडली, सात बघितला, प्रोग्राममधी तीनाचा सात केला. बटण दाबलं.

आन् मी सुटले. खर्रर्र करून अशी सुटले, की माठातलं पाणी उकळलं, स्टँडवरची एसटी कंडक्टरनं घंटी मारायच्या आत पळाली, आन् पेंटरच्या हातातला ब्रश आपोआप मागं सरला. पिवळ्या रेडियममधी दीपमालाचं नाव असं कापलं, की कुठंच सुरी अडली न्हाय.

दीपमाला नाव घेऊन बाहेर पळाली. पेंटर र च्या पुढचं अक्षर काढणार, तवर तिनं त्याच्याच डब्यातलं थिनरचं फडकं उचललं आन् सासऱ्यांपुढं उभी ऱ्हायली.

"मामंजी, पूजेच्या आधी पुसलं तर चालतंय ना?"

लिंबाजी नारळाकडं बघत म्हणले, "पूजा झाल्यावर पुसायचं न्हाय म्हणलो म्या. आधीचं कायबी बोललो न्हाय. आटपा, नारळ धरून हात भरून आला."

एका फडक्यात र गेला. दीपमालानं नाव काचंवर धरलं, पण काच उंच, तिचा हात पुरंना. एक कोपरा सारखा उचलायचा. रणधीरला ते उचललेलं टोक बघवंना. शेवटाला तो पुढं झाला आन् अंगठ्यानं कोपरा दाबला.

"हवा ऱ्हायली वैनी," तो म्हणला, आन् कडक इस्त्रीतला माणूस बाहीनं एकेक फुगा काढत बसला. तिच्या नावाचे.

नारळ फुटला. दीपमाला टेम्पोत बसली, लिंबाजी शेजारी, रणधीर मागं हौद्यात. गाडी गेली. मागनं काचंवरचं नाव दिसत न्हाय, पण समोरच्या दुकानाच्या काचंत ते पिवळं वळून गेलेलं म्या बघितलं.

आता दुकानात काय चाललंय ते ऐका. नंदीश सांगतोय की त्यानं मशीन दुरुस्त केली. मल्लिनाथ सांगतोय की कंप्युटर आता लई फास्ट झाला. तो पेटारा बी छाती काढून बसलाय, जशी काय त्यानंच मला वळखलं. मला कुणी काय म्हणलं न्हाय. टॉवेल परत आला.

तर मित्रांनो, कुणाला आतून धुवायचं असंल तर खुशाल धुवा. पण धुवायच्या आधी त्याला जोडलेली माणसं कोण, त्यांचे दुभाषे कुठं, त्यांचे नंबर किती, ते इचारून ठेवा. पेटारा काय सांगायला आला तर दार लावायच्या आत त्याचं ऐका. आन् ज्यानं वर्सानुवर्सं तुमची नावं कापली, त्याला खराब म्हणायच्या आधी सोताची वायर कुठं घातलीय ते बघा.

एवढं जमत नसंल, तर निदान माझ्यावरचा टॉवेल काढा. ओला हाय.