शिट्टीचे बूट

हडपसरजवळच्या मांजरी गावातल्या आपल्या बंगल्याच्या तळमजल्यावर मुक्ताई घुले नऊ वर्षं पाळणाघर चालवत होत्या. सासऱ्यांच्या उसाच्या रानात आता टॉवर उभे होते, आणि त्यात राहणारे अमरावती-यवतमाळकडचे आयटीतले आई-बाप सकाळी आठला मुलं त्यांच्याकडे सोपवून निघत. मुलं सतरा. मदतीला तुळजाबाई. नऊ वर्षांत एकाही पोराला साधा टाका पडला नव्हता, आणि हे मुक्ताई नव्या पालकांना आवर्जून सांगत.

त्याचं बरंचसं श्रेय त्या एका नियमाला देत. चार वर्षांपूर्वी नुकतंच चालायला लागलेलं एक पोर कुणाच्या नकळत फाटकाबाहेर गेलं होतं. दूधवाल्याने उचलून आणलं म्हणून निभावलं. दुसऱ्याच दिवशी मुक्ताईंनी फर्मान काढलं, की दोन वर्षांखालच्या मुलांनी अंगणात शिट्टीचेच बूट घालायचे. पाऊल टाकलं की चूं वाजणार, म्हणजे पाठमोरं असतानाही मूल कुठे आहे ते कळणार.

"छान," अभय नावाचे एक पालक तेव्हा म्हणाले होते. "पुढच्या वर्षी हॉर्नही बसवू."

मुक्ताईंनी ते हसण्यावारी नेलं होतं.

नोव्हेंबरातला मंगळवार. अंगणात खेळून आलेली मुलं हातपाय धुऊन सतरंजीवर उपमा खात बसली होती. मुक्ताई ओट्यापाशी ताटल्या भरत होत्या. मागे बारीकसं वाजलं. चूं.

"तुळजाबाई, बूट घालून आत कोण आलं बघा जरा."

"कुनीच न्हाई ताई. समदी अनवाणी हायत."

चूं. पुन्हा चूं. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता आणि ठरावीक अंतराने येत होता. मुक्ताई वळल्या. सतरंजीवर खरंच सगळे उघडे पाय. दीड वर्षाचा शुभंकर भिंतीला टेकून बसला होता. समोरच्या उपम्याला त्याने हात लावला नव्हता. त्याची छाती वर आली, आवाज झाला. खाली गेली, पुन्हा झाला.

मुक्ताईंनी गुडघे टेकले आणि त्याच्या छातीला कान लावला. शिट्टी त्याच्या आत वाजत होती.

तुळजाबाई धावत जाऊन त्याचे बूट घेऊन आल्या. डाव्या बुटाचा आतला तळ टाचेकडे फाटला होता आणि खाली शिट्टीच्या जागी बटणाएवढं रिकामं भोक होतं.

"बोट घालून काढू का?" तुळजाबाईंनी त्याचं तोंड उघडायला हात पुढे केला.

"नका! श्वास चाललाय त्याचा. बोटाने आणखी आत जाईल."

त्यांचे यजमान रावसाहेब वरच्या मजल्यावरून पळत आले, गाडी काढली. तुळजाबाई आणि शेजारची सून इतर मुलांपाशी थांबल्या. जाताना मुक्ताईंनी पोराच्या आईला, सृष्टीला, फोन केला. आपण काय बोललो हे त्यांना नंतर आठवलं नाही. शुभंकर मांडीवर ताठ बसला होता. हडपसरच्या सिग्नलला आवाज एकाएकी थांबला.

"अहो, थांबला! आवाज थांबला!"

रावसाहेबांनी मागे वळून पाहिलं. शुभंकर श्वास रोखून खिडकीबाहेरच्या बसकडे बघत होता. मग पुन्हा चूं झालं, आणि मुक्ताईंना रडू फुटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी भूल देऊन, श्वासनळीत दुर्बीण घालून शिट्टी काढली. पाऊण तास लागला. स्टीलच्या वाटीत निळ्या प्लॅस्टिकची एवढीशी चकती. "शेंगदाणे काढतो आम्ही नेहमी," डॉक्टर म्हणाले. "पोरगं सुखरूप आहे. पण नशीब म्हणा, ही वाजत राहिली."

सृष्टी आणि तिचा नवरा तेजस बाकावर बसले होते. तेजसच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच होतं. सृष्टी मुक्ताईंकडे न बघता बोलली.

"मी तुम्हाला म्हटलं होतं ना ताई, त्याला साधे सँडल घालते म्हणून? तुम्ही म्हणालात, नियम आहे."

"हो. म्हणाले मी."

आपल्याच नियमाने पोराच्या छातीत ही वस्तू घातली, हे काही केल्या त्यांच्या मनात मावत नव्हतं.

रविवारी त्यांनी सगळ्या पालकांना बोलावलं. मुलांची पादत्राणं बरोबर आणायला सांगितली. जे घडलं ते, बूट हातात धरून, काही न लपवता सांगितलं. मग टेबलावर एकेक जोड ठेवून त्यांनी नवे नियम सांगितले. शिट्टीचे बूट बंद. दिव्याचेही बंद, कारण त्यात बटणाएवढा सेल असतो. मणी, फुलं चिकटवलेले नकोत. पट्टा चिकटणारा हवा, तळ न घसरणारा, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा. 'पुढच्या वर्षीही चालतील' म्हणून मोठे घेतलेले बूट घरी ठेवायचे. निम्म्याहून अधिक जोड टेबलावरून परत गेले.

"आणि फाटकाचं काय?" अभयनी विचारलं. या वेळी आवाजात टोमणा नव्हता.

"फाटकाला वरून कडी बसवलीय काल. ते चार वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. मी माझं काम मुलांच्या पायांवर ढकललं होतं."

सृष्टी दाराशी उभी होती. ती येईल असं मुक्ताईंना वाटलं नव्हतं.

"आतला तळ दर शुक्रवारी उचलून बघायचा," ती म्हणाली. "तुम्हीही आणि आम्हीही. बघितलं की सही करायची. हे लिहा."

मुक्ताईंनी लिहिलं.

"शुभंकरला मी इतक्यात पाठवणार नाही."

"नका पाठवू," मुक्ताई म्हणाल्या.

तो जानेवारीत आला. पहिले तीन दिवस सृष्टी लॅपटॉप घेऊन व्हरांड्यात बसून होती, आणि मुक्ताईंनी तिला एकदाही जा म्हटलं नाही. चौथ्या दिवशी ती स्वतःच ऑफिसला गेली.