गुंजनच्या आठ गोगलगाई

"घोंग्या रे घोंग्या, शिंग काढ बाहेर,
बांधीत आलं तुह्यं पान्याचं माहेर..."

धानाच्या बांधीत, रोवणीच्या चिखलात गोगलगाय दिसली की यादोरावची माय असं गुणगुणायची. तिला जाऊन तीस वर्षं झाली. आज सकाळपासून तोच आवाज यादोरावच्या कानात झिरपत होता.

ओसरीवर पवनीच्या कॉलेजातल्या रेणू मॅडम बसल्या होत्या. शेजारी त्याची लेक गुंजन. पुढ्यात टब, टबात गावच्या बोडीतल्या, म्हणजे लहान तळ्यातल्या, आठ गोगलगाई. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या रंगानं गुंजननं त्यांच्या शंखांवर एक ते आठ आकडे काढले होते. वीस दिवस तिनं त्यांना एकच धडा दिला. आधी मोबाइलचा उजेड, मागोमाग काडीची टिचकी. टिचकी बसली की गोगलगाय अंग आत ओढायची. आज टिचकी नव्हती. नुसत्या उजेडानं अंग चोरलं तर धडा ध्यानात राहिला म्हणायचा, आणि प्रयोग नागपूरच्या विज्ञान प्रदर्शनाला जायचा.

"परीक्षा घोंग्याईची, अन् घाम तुमाले काहून सुटून राहिला जी?" रुखमानं चुलीपासून नवऱ्याला चिमटा काढला.

यादोराव चुलीपासून दूर सरकला. अंगणाकडे तोंड, ओसरीकडे पाठ करून तो उभा राहिला.

मॅडम हाताला येईल ती गोगलगाय उचलत, वाटीत ठेवत, ती बाहेर डोकावली की उजेड टाकत आणि आकडा मुकाट लिहून घेत. यादोरावच्या कानावर दोनच शब्द पडत.

"आत."

"तशीच."

"तशीच."

प्रत्येक 'तशीच'ला त्याची मान थोडी थोडी खाली जात होती.

"चार शिकल्या, चार नाहीत," शेवटी मॅडम म्हणाल्या. "हा तर छापा-काटा झाला, गुंजन. असं नाही पाठवता येणार."

"मीच कुठी तरी चुकली असन, मॅडम." पोरीचा आवाज शंखात शिरल्यासारखा झाला.

यादोरावनं आपल्या हातांकडे पाहिलं. शेतातून आलं की दारातल्या पाण्यात बुडवायचे, चाळीस वर्षांची सवय. डोकं विसरतं, हात विसरत नाहीत.

"दोन, तीन, पाच, आठ," तो तसाच पाठमोरा म्हणाला.

मॅडमचं बोट वहीवरून सरकलं. "याच चार! पण तुम्ही तर पाहिलंही नाही."

"ते तुह्यावाले नोहोत, बेटा." तो वळला. "परवा तू पवनीले गेलती. मी धानावर फवारा मारून आलो, अन् सवयीनं तुह्या टबात हात धुतलो. पानी लगेच बदलवलो, तरी चार मेले. मले वाटलं, घोंगा तो घोंगा, त्याच्या काय ध्यानात राह्यते. बोडीतून दुसरे चार आनलो, आकडे टाकलो. त्याईले कोनी शिकवलंच नाही, गुंजन."