रायलाचा वाटा

"ती आत्ता इथे कॉफी पितेय ना? मग तिचं यंत्र कुणासाठी राबतंय?" उर्पो माझ्या कानाशी कुजबुजला.

मी रायलाकडे पाहिलं. ती खिडकीशी बसून दालचिनीचा पाव खात होती. उर्पोच्या फोनवरच्या आलेखात मात्र तिची रेघ सगळ्यांच्या वर चढलेली.

राउमा या बंदराच्या गावातल्या आमच्या कचेरीत जहाजांचे आराखडे होतात. टेबलांवर नुसते संगणकाचे पडदे. खरी यंत्रं तळघरात, आणि तिथल्या मोजक्या ग्राफिक्स कार्डांचे वाटे करून प्रत्येकाला एकेक दिलेला. एकाने जास्त ओढलं की बाकीच्यांचं जहाज पडद्यावर अडखळतं. वाटे ठरवणारा आणि कोण किती ओढतं यावर नजर ठेवणारा हा उर्पो. माणूस वाईट नव्हे, पण संशयी इतका, की घरचं दूध उतू गेलं तरी आधी शेजाऱ्याकडे बघेल.

ऑगस्टपासून सगळ्यांचीच जहाजं अडखळत होती.

"यंत्र राबवून इंटरनेटवरची आभासी नाणी कमावत असेल चोरून," शेजारी बसलेला यार्को म्हणाला. "नवरा गेल्यापासून बोलते तरी का कुणाशी?"

"अरे, न बोलणं हा गुन्हा झाला तर अख्खं राउमा तुरुंगात जाईल!" मी म्हटलं. कोणी हसलं नाही. खरं तर मलाही शंका येऊ लागलीच होती.

दुपारी उर्पोच्या तक्रारीवर आमची प्रमुख हिल्का हिने निकाल दिला. नव्या फेरीबोटीचा काचेचा जिना सोमवारपासून यार्कोकडे, चौकशी होईपर्यंत. त्या जिन्यावर रायलाने दीड वर्ष घातलं होतं. तिने मान डोलावली, एवढंच.

उर्पोला तेवढ्याने चैन कुठलं! साप साप म्हणून भुई धोपटायची सवय. तीन आठवडे पाळत ठेवून मग मला साक्षीदार म्हणून ओढत तो तिच्या टेबलाशी गेला.

"तू उठून जातेस तेव्हा पडद्यावर तुझं जहाज गरगर का फिरत असतं?"

"थांबवलं की माझा वाटा रिकामा समजून दुसऱ्यांना जातो," रायला म्हणाली. "तुम्ही सगळे ओढून बसलेले असता. परत आले की तासभर नुसतं अडखळतं. म्हणून फिरत ठेवते."

"म्हणजे कबूल?"

"कबूल. पण उर्पो, वाटे इतके लहान का रे? कोण किती ओढतं याचं माप घेतलं होतंस ना?"

"घेतलं की! महिनाभर. नीट."

"कुठल्या महिन्यात?"

उर्पोने फोनवर तारीख शोधली. मग हळूच म्हणाला, "जुलैत."

जुलैत कचेरीत असतं कोण? उन्हाळी सुट्टीत आम्ही सगळे बेटांवरच्या आपापल्या झोपड्यांत. उर्पोसुद्धा माप चालू करून माशांना गळ टाकायला गेलेला. कामावर एकटी रायला. नवरा ओलावी गेल्यावर त्यांच्या झोपडीचं दार एकटीने उघडायचं तिच्या जिवावर आलं होतं. आणि त्या रिकाम्या कचेरीच्या मापावर उर्पोने आम्हा चाळीस जणांचे वाटे बेतले होते.

"तू होतीस ना तेव्हा... सांगायचंस तरी," उर्पो पुटपुटला.

"मला कुणी विचारलं? तुम्ही एकमेकांच्या कानातच बोलत होतात."

मला शरमेने तिच्याकडे बघवेना. उर्पोचं एक मात्र मानायला हवं. तो तसाच हिल्काकडे गेला आणि चूक आपली म्हणून सांगून आला. पुढे नवी कार्डं आली, वाटे दुप्पट झाले. जिना मात्र यार्कोकडेच राहिला. "त्याने अर्धाअधिक बदललाय, आता पुन्हा कुठे हलवायचा?" हिल्का म्हणाली. रायलाला त्याच बोटीच्या खालच्या मजल्यावरच्या न्हाणीघरांचे नळ मिळाले.

परवा उर्पो तिच्या टेबलाशी घुटमळला.

"आता कसं चालतंय गं? अडखळत नाही ना?"

"छान चालतंय," पडद्यावरची नजर न काढता रायला म्हणाली. "नळांना कितीसं लागतं?"